स्टॅम्पाची अळंबी

ज्या बाईंविषयी मी हे लिहीत आहे, त्या आपल्या पर्समध्ये एक कच्चे अंडे बाळगीत असत. चष्मा, किल्ल्या, रुमाल याही वस्तू त्या पर्समध्ये असत आणि त्या बाई वारंवार कुठे ना कुठे विसरून येत. परंतु अंडे विसरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. स्टीलच्या एका गोल डबीत कापसाची गादी करून त्यावर ते निजवलेले असे. आठवडेबाजाराच्या दिवशी जुने अंडे भुर्जीत जाई व त्याच्या जागी नवे येई. मी ते अंडे प्रथम पाहिले ते माझ्याच चहाच्या ग्लासात पडताना.

मी शिरूरच्या तहसील कचेरीच्या आवारात अर्ज, प्रतिज्ञापत्रे व दस्तांचे मसुदे लिहिण्याचा व्यवसाय करतो. माझे शिक्षण दहावीच्या दारापर्यंत झाले, आत जाण्याचा योग आला नाही. तथापि, माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची वेळ आजवर फारशी कुणावर आलेली नाही. ही गोष्ट मी आत्मप्रौढीसाठी नमूद करीत नाही. पुढील हकिकतीत माझ्या एका मसुद्याचा निकट संबंध आहे, म्हणून ती आधी सांगितलेली बरी.

त्या दिवशी दुपारी एक उंच, करड्या केसांच्या, पांढरी सुती साडी नेसलेल्या बाई आल्या आणि पक्षकारासाठी ठेवलेल्या स्टुलावर न विचारता बसल्या.

"भाजी विकायची आहे. प्रतिज्ञापत्र करून द्या," त्या म्हणाल्या.

"मॅडम, भाजी विकायला प्रतिज्ञापत्र लागत नाही."

"विकणाऱ्याचं नकोय. घेणाऱ्याचं हवंय."

मी पेन खाली ठेवले. इतक्या वर्षांत वांगी घेणाऱ्याकडून कुणी प्रतिज्ञापत्र घेतल्याचे मी ऐकले नव्हते.

"कसली भाजी?"

"अळंबी."

आमच्या आवारातला चहावाला ग्लास ठेवायला आला होता. तो मध्येच म्हणाला, "अळंबी म्हंजी कुत्र्याची छत्री न्हवं का?"

बाई त्याच्याकडे वळल्या. "कुत्र्याला छत्री कशाला लागते? तो भिजतो आणि अंग झटकतो. छत्री लागते ती तुम्हाला. तुमची छत्री म्हणा."

मग मला त्यांनी प्रकरण समजावले. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत त्यांचे सारे आयुष्य एकाच प्रश्नामागे गेले होते. खाण्याच्या अळंबीत काही प्रथिने असतात, आणि ती काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकली, तर त्या पेशी मरतात. हे का होते, कोणते प्रथिन ते करते, आणि त्याच बशीतल्या निरोगी पेशींना ते कसे ओळखते? निवृत्तीनंतर बाई शिरूरला वडिलांच्या घरी परतल्या, त्यांनी धिंगरी जातीची अळंबी लावली आणि एका महाविद्यालयात या विषयावर भाषण दिले. भाषणातले निम्मे गावभर झाले. दुसऱ्या दिवसापासून दारात दवाखान्याच्या फायली घेतलेली माणसे उभी राहू लागली.

"त्यातले काही जण दवाखाना सोडून येतात," बाई म्हणाल्या. "म्हणून घेणाऱ्यानं लिहून द्यायचं की, मी ही भाजी म्हणून घेतो आहे आणि माझे उपचार चालू आहेत."

"परंतु मॅडम, ती प्रथिने जर गुणकारी असतील, तर..."

"प्रथिन म्हणजे काय, माहीत आहे?"

"डाळीत असते ते."

बाईंनी पर्स उघडली, डबी काढली, आणि मी काही बोलण्याच्या आत टेबलाच्या कडेवर अंडे फोडून माझ्या वाफाळत्या चहात सोडले. चहात पांढरे धागे फिरू लागले. चहावाला जागेवरच थांबला.

"हे बघा. पाण्यासारखं होतं, पांढरं झालं. आता याचं परत पातळ करून दाखवा."

"मॅडम, ऑम्लेटचं अंडं कवा झालंय व्हय?" चहावाला म्हणाला.

"बरोबर! यांना समजलं. प्रथिनाला एक घडी असते, लेखक. कागदाच्या होडीला असते तशी. घडी आहे तोवर होडी तरते. उष्णतेनं घडी मोडली की कागद तोच राहतो, होडी राहत नाही."

मला लोक रायटर म्हणतात, कुणी बाँडवाला म्हणतात. लेखक ही उपाधी मला प्रथमच मिळाली होती. मी दुसरा चहा सांगितला आणि मसुदा करायला घेतला.

बाईंचे वडील पिंजारी होते. पेठेत त्यांचे गाद्या भरण्याचे दुकान होते आणि दुकानामागे कापसाचे गोदाम. अर्ध्या शिरूरची लग्नातली गादी त्या घरातून गेली, असे जुने लोक सांगतात. बाईंनी त्याच गोदामात गव्हाच्या भुश्श्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आढ्यापासून टांगल्या होत्या. पिशव्यांच्या छिद्रांतून पांढरी अळंबी कानासारखी बाहेर येई. ट्यूबच्या उजेडात ते गोदाम पुन्हा कापसाने भरल्यासारखे दिसे. वडील असते तर त्यांनी हात लावून पाहिला असता आणि ओलसर माल म्हणून परत पाठवला असता, असे बाई म्हणत.

आत जाण्याची रीत ठरलेली होती. चपला बाहेर काढायच्या, चुन्याच्या निवळीच्या परातीत पाय बुडवायचे, आणि मग उंबरा ओलांडायचा. आत एक शब्द वर्ज्य होता. कुणी 'औषध' म्हणाले की बाई बोट दाराकडे करीत. त्या माणसाने बाहेर जायचे, चपला घालायच्या, पुन्हा काढायच्या, पुन्हा परातीत पाय बुडवायचे, आणि नव्याने आत येऊन 'भाजी' म्हणायचे. भले भले त्या परातीतून दोनदा गेलेले मी पाहिले आहेत.

एकदा तालुक्याच्या राजकारणातले एक वजनदार आबा स्वतःच्या गाडीतून आले. अळंबी वाळवून डब्यांत भरावी आणि जिल्हाभर विकावी, असा त्यांचा प्रस्ताव होता.

"डबीवर माझा फोटू लावू," आबा म्हणाले. "गावोगाव लोक वळखत्यात. असलं औषीद..."

बाईंनी बोट दाखवले. आबा चुन्यात पाय बुडवून परत आले.

"आबा, आपण अजून उंदरापाशी आहोत," बाई शांतपणे म्हणाल्या.

हे बाईंचे ठेवणीतले वाक्य होते. बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे काही सिद्ध होत नाही, बशीतल्या पेशी साबणानेही मरतात, असे त्या म्हणत. बशीनंतर उंदीर. उंदरानंतर पुष्कळ काही, आणि फार पुढे कुठेतरी माणूस. त्यांच्या प्रथिनाने काही उंदरांतली गाठ लहान झाली होती, काहींतली झाली नव्हती. तेथेच त्या उभ्या होत्या आणि त्यापुढे एक पाऊलही उगाच टाकायला त्या तयार नव्हत्या.

आबांना हे वाक्य नवे होते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग डबीवर उंदराचा फोटू लावा की!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. प्रस्ताव मात्र तेथेच निकालात निघाला.

आता माझ्या मसुद्याकडे येतो. तो मी मन लावून केला होता. "मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर अळंबी ही केवळ भाजी असून औषध नव्हे, याची मला पूर्ण जाणीव करून देण्यात आलेली आहे, तसेच माझे दवाखान्यातील उपचार मी बंद केलेले नाहीत व करणार नाही" असा त्यातला मुख्य परिच्छेद होता. स्टॅम्पपेपर, खाली दोन साक्षीदार, शेजारच्या नोटरी वकिलांचा गोल लाल शिक्का. त्या कागदात हरकत घ्यायला जागा नव्हती, आजही नाही.

परंतु घडले ते असे. आधी दिवसाला चार-दोन माणसे येत होती, ती प्रतिज्ञापत्रानंतर रांगेने येऊ लागली. कोरेगाव भीमापासून लोक आले. रांजणगावच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार कारेगावहून सुट्टीच्या दिवशी येऊन माझ्या टेबलाशी विचारू लागले, "भाईसाब, वो स्टाम्पवाला मशरूम कहाँ मिलता है?" नावच पडले, स्टॅम्पाची अळंबी.

मी रांगेतल्या एका म्हाताऱ्याला विचारले, "मामा, कागदावर काय लिहिले आहे ते वाचले का?"

"वाचायचं कशाला?" मामा म्हणाले. "मेथीच्या जुडीला कुनी स्टॅम्प मागतंय का? हितं मागत्यात. म्हंजी जालीम असनारच की."

बाई ते ऐकून सरळ माझ्या टेबलाशी आल्या. "लेखक, तुम्ही हे इतकं चांगलं का लिहिलंत?"

"मी नेहमी लिहितो तसेच लिहिले आहे."

"तेच चुकलं. वाईट लिहायला हवं होतं."

यावर माझे मत मी त्यांना तेव्हाच सांगितले आणि ते आजही तेच आहे. दोष मजकुराचा नव्हता. आपल्याकडे लोक मजकूर वाचत नाहीत, शिक्का वाचतात. सातबारा असो, जातीचा दाखला असो की अळंबी. बाईंनी थोडा वेळ माझ्या टेबलावरच्या कागदावरील शिक्क्याकडे पाहिले, उरलेले कोरे स्टॅम्पपेपर माझ्या स्वाधीन केले आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गोदामाच्या दाराशी गॅसची शेगडी आली. शेगडीवर मोठे पातेले, पातेल्यात खळखळते पाणी. आणि एक नवा नियम. जो कापडी पिशवी घेऊन येईल, त्याला ताजी, कच्ची अळंबी. जो दवाखान्याची फाइल घेऊन येईल, त्याची अळंबी बाई त्याच्यासमोर उकळत्या पाण्यात टाकणार, पांढऱ्याची पिवळट होईपर्यंत ठेवणार, निथळणार आणि मगच देणार. पाणी मोरीत.

बाईंनी याचे कारण कुणाला सांगितले नाही. गावाने आपापले शोधले. कुणी म्हणे, विष निघून जावे म्हणून उकळतात. कारेगावचा एक कामगार मला विश्वासात घेऊन म्हणाला, "मैडम काढ़ा बनाके देती हैं, इसलिए असर ज्यादा है." मी स्वतः बाईंना दोनदा विचारले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "पाणी उकळतंय म्हणून." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तुम्ही चहा विसरलात, लेखक."

मला तो चहा चांगला आठवत होता. परंतु ज्या गोष्टीत आयुष्य घातले, तिची घडी रोज आपल्याच हाताने मोडण्याचे कारण काय असावे, हे काही माझ्या लक्षात येईना. गोदामातल्या जुन्या फ्रिजमध्ये त्यांची स्वतःची प्रथिनाची कामे चालत, ती तर सगळी थंडीतली. अळंबीचा वाटून लगदा करायचा तो बर्फावर. त्यासाठी मासळीवाल्याकडून लादी येई आणि ती गोणपाटात गुंडाळून बाई स्वतः उचलून नेत. एका हाताने त्या बर्फ जपत आणि दुसऱ्या हाताने शेगडी पेटवीत. हे कुतूहल माझ्या मनात बरेच दिवस राहिले आणि ते फिटले ते माझ्या आक्कामुळे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दौंडला दिलेली. दाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. मला लहानपणी तिने कडेवर वाढवले, आणि आजही मी तिच्या लेखी कडेवरच आहे. तिच्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की गाठ कर्करोगाची आहे, पण वेळेत सापडली आहे. आता काढली तर आक्का हाती लागेल, थांबली तर सांगता येणार नाही. शस्त्रक्रियेचा दिवसही दिला. आणि आक्काने जायचे नाही असे ठरवले.

"हत्यार लागलं की पसरतंय," ती म्हणे. शेजारची एक बाई शस्त्रक्रियेनंतर गेली होती, तेवढा दाखला तिला पुरेसा होता. दाजींनी समजावले, मुलींचे रडून झाले, मी फोनवरून मुद्देसूद बोललो. काही उपयोग झाला नाही.

शस्त्रक्रियेला थोडेच दिवस उरले असताना आक्का आणि दाजी सकाळच्या एसटीने शिरूरला उतरले व थेट माझ्या टेबलाशी आले.

"धाकल्या, ऊठ. त्या अळंबीवाल्या बाईकडं चल."

"आक्का, तिथे काही औषध मिळत नाही."

"मला म्हाईत हाय काय मिळतंय ते. तुझी वळख हाय म्हणून आले, न्हाईतर तुला इचारलं बी नसतं."

दाजी माझ्याकडे हताशपणे पाहत होते. आक्काच्या हातात भाजीची कापडी पिशवी होती. वरती कोथिंबिरीची जुडी आणि जुडीखाली दवाखान्याच्या फाइलचा निळा कोपरा. पिशवीला कच्ची व फाइलला उकळलेली, हा नियम दौंडपर्यंत पोहोचला होता.

आम्ही गोदामात गेलो. आक्काने निमूट चपला काढल्या, परातीत पाय बुडवले, आत आली.

"या. काय देऊ?" बाई म्हणाल्या.

"भाजी द्या. ताजी."

"कशी करता तुम्ही?"

हा प्रश्न बाई पिशवीवाल्या प्रत्येकाला विचारीत. कुणी सांगे खोबरे-लसूण लावून, कुणी सांगे सुक्या मटणासारखी. माझी आक्का दौंडमध्ये तिच्या स्वयंपाकासाठी प्रसिद्ध आहे. कारल्याला गोड वाटायला लावील अशी. तीच आक्का तेथे अडखळली.

"करायची कशाला? तशीच खायची. कच्ची."

बाईंनी तिच्या पिशवीकडे पाहिले. मग हलकेच म्हणाल्या, "कोथिंबिरीखालची फाइल काढा, आक्का."

आक्काने फाइल काढली. बाईंनी ती पूर्ण वाचली, शेवटच्या कागदावरचा शस्त्रक्रियेचा दिवस वाचला, फाइल मिटली आणि शेगडी पेटवली.

"उकळू नका," आक्का म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "बाई, उकळून तिचं सत्त्व जातंय न्हवं?"

"जातं."

"मंग?"

"म्हणूनच उकळते."

मी दाराशी उभा होतो. माझ्या कुतूहलाचे उत्तर इतके छोटे निघाले.

"लोकांना सांगितलं, ही भाजी आहे, पोटात गेली की पोट हिला डाळीसारखं पचवून टाकतं, गाठीपर्यंत काही पोचत नाही," बाई म्हणाल्या. "पोटातलं कुणाला दिसत नाही, म्हणून पटत नाही. लिहून घेतलं, तर आणखी विश्वास बसला. उकळताना दिसतं. ही भाजी झाली, संपलं, हे माणूस डोळ्यांनी बघतो आणि घरी जातो."

"म्हंजी सत्त्व हाय," आक्का म्हणाली. ती एवढेच धरून बसली होती. "हाय म्हणून तर मारताय."

पाण्याला उकळी फुटत होती. बाईंना नाही म्हणणे सोपे होते, आणि त्यांना मी ओळखत असल्याने मला ठाऊक होते की त्या ते म्हणणार नाहीत.

"आहे," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, फ्रिज उघडला आणि बर्फात खोवलेली बोटाएवढी एक नळी काढली. तळाला चिमूटभर पांढरी भुकटी होती. "टोपलीभर अळंबीतून इतकं निघतं. हे बशीतल्या गाठीच्या पेशी मारतं. हे सुईनं दिलं तर काही उंदरांत गाठ लहान होते."

"मंग ते द्या मला. सुईनं द्या."

"आक्का, आपण अजून उंदरापाशी आहोत."

"मंग मला उंदीर समजा!" आक्का म्हणाली.

दाजींनी मान फिरवली. कुठल्याही अर्जात न बसणारे वाक्य होते ते. आक्काने हात पुढे केलेला होता, आणि बाईंच्या मुठीत त्यांचे सारे आयुष्य होते. ते पुढे करायला त्यांना फक्त मूठ उघडायची होती. असा माणूस त्यांना पुन्हा भेटणार नव्हता, स्वतःहून उंदीर व्हायला आलेला.

बाईंनी नळी बर्फात परत ठेवली, फ्रिज लावला आणि आक्काच्या समोर जमिनीवर बसल्या.

"उंदरातली गाठ लहान झाली, हे मला कसं कळलं असेल?"

"कसं?"

"कापून."

आक्काने डोळे मोठे केले. "उंदीर बी कापला?"

"प्रत्येक. गाठ लहान झालेला पण, न झालेला पण. कापल्याशिवाय बघणार कसं? आणि आक्का, त्यातला एकही आम्ही परत शिवला नाही." बाईंनी फाइल उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "ही माणसं तुम्हाला शिवून घरी पाठवणार आहेत. माझ्याकडं यापेक्षा चांगलं काही असतं, तर मी पाणी उकळत बसले असते का?"

पातेल्यातले पाणी आटत होते. मग आक्काच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटले ती रडते आहे. ती हसत होती.

"म्हंजी उंदीर हून बी कापायचंच हाय व्हय?" ती म्हणाली. "मग मानूस हून कापल्यालं काय वाईट?"

"तेच म्हणते."

"पन एक हाय," आक्का उठत म्हणाली. "मी जाती. जाऊन आले, शिवून, तर तुमची अळंबी मला न उकळता पायजे. कबूल?"

"कबूल. मी स्वतः घेऊन येईन."

"धाकल्या, लिहून घे," आक्का म्हणाली.

"नको!" बाई आणि मी एकदमच म्हणालो.

आक्का ठरल्या दिवशी गेली. शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधे झाली, केस गेले आणि परत आले. ते सर्व तपशील तिचे आहेत, येथे नमूद करण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टर अधूनमधून तपासतात व अद्यापपर्यंत समाधान व्यक्त करतात.

बाई आता शिरूरला नाहीत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा चालवते, तिच्याकडे नळ्या घेऊन त्या गेल्या, आणि गोदामात आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदाराने चुन्याची परात काढून टाकली. तरी काही जुनी माणसे सवयीने दाराशी चपला काढतात. मी मधून मधून बाईंना फोन करतो. "कुठवर आलात?" असे विचारतो. "अजून तिथेच, लेखक," असे उत्तर येते. त्या आवाजात मला कधी निराशा ऐकू आलेली नाही. एखादा दस्त नोंदणीच्या रांगेत असावा आणि पक्षकाराला रांगेची घाई नसावी, तसा तो आवाज असतो.

परंतु शिरूर सोडण्याआधी बाईंनी आपला शब्द पाळला. त्या आणि मी एसटीने दौंडला गेलो. बाईंच्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेली अळंबी होती, त्या सकाळीच काढलेली. संपूर्ण प्रवासात त्यांनी ती खिडकीच्या उन्हापासून पदराने झाकली. शेगडी आल्यापासून फाइलवाल्या माणसाला त्यांनी न उकळता दिलेली ती एकमेव अळंबी होती, आणि त्या थोड्या अस्वस्थ होत्या, हे मला दिसत होते.

आक्का दारातच उभी होती. डोक्यावर आखूड, लहान मुलासारखे केस, त्यावरून पदर. तिने बाईंना घट्ट धरून आत नेले, फडके सोडले, अळंबी हातात घेऊन नाकाला लावली.

"शब्दाप्रमाणे आणलीय, आक्का," बाई म्हणाल्या. "न उकळता. पण कच्ची फार खाऊ नका, पोट दुखेल."

आक्काने अळंबी धुतली, बोटांनी उभी फाडली, कढईत तेल सोडले, कांदा टाकला, ठेचलेला लसूण टाकला, वरून आपला घरचा मसाला. मग दोन्ही हातांनी अळंबी उचलून तिने कढईत सोडली. चर्रर्र आवाज झाला आणि घरभर वास सुटला.

बाई एकदम उठल्या. "अहो आक्का! न उकळता हवी म्हणाला होतात ना!"

"व्हय की. तुमी आणली, मी बघितली. झालं." आक्काने झारा फिरवला. "कच्ची खायला मी काय उंदीर हाय?"

दाजी हसले. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या कढईतल्या अळंबीकडे पाहत राहिल्या. पांढरी होती ती आक्रसून सोनेरी होत चालली होती. मग त्यांनी पर्स उघडली, डबी काढली आणि डबीचे झाकण उघडले.

"आज गुरुवार नाही ना?" त्यांनी विचारले.

"बुधवार," दाजी म्हणाले.

बाईंनी अंडे आक्काच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "मग हे पण टाका त्यात."